चासीची चव

मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका गाळ्यात मी चार वर्षं काढली. तेवढ्या काळात माझ्या एकाही वाक्याला तिथे गाड्या पारखणाऱ्या अंकलच्या एका शब्दाएवढी किंमत आली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहिलं तर ते नाइलाजानं लिहिलंय हे कळेल.

शब्द तसे दोन होते. ‘हाय’ आणि ‘न्हाय’. उत्तनजवळच्या तारोडीकडचे लोक ‘आहे’ आणि ‘नाही’ असेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण ते गाडीखालून बाहेर येऊन, गुडघे झटकून ‘हाय’ म्हणाले की गिऱ्हाईक कागदांवर सह्या करायला पेन मागायचं. ‘न्हाय’ म्हणाले की शेठ गाडी आणणाऱ्याला परत घेऊन जायला सांगायचे. ‘बरी आहे’, ‘चालून जाईल’, ‘थोडं काम काढावं लागेल’ असलं मधलं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. गाडी एक तर असायची, नाहीतर नसायची.

आमचा धंदा जुन्या पिकअपचा. साधे टेम्पो नव्हेत. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या, मागे उघडा हौदा असलेल्या, मधल्या आकाराच्या फोर-बाय-फोर गाड्या. चिखल, वाळू, खडीचा चढ यांच्यासाठी बनवलेल्या. खाणवाले घ्यायचे, बागायतदार घ्यायचे, डोंगरावर मोबाइलचे टॉवर उभारणारे कंत्राटदार घ्यायचे. आणि मीरा रोडचे हौशी लोक घ्यायचे, ज्यांना रस्ता सोडून जायचं नसायचं, फक्त जाऊ शकतो हे दाखवायचं असायचं.

मी तिथे तक्ते लिहायची. माझं घर पत्रकांचं. बाबा भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते आणि युनियनचे कागद घरी आणायचे. मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या ओळीवर. शाळेत इतर मुलं निबंधाला प्रस्तावना लिहायची, मी मागण्या लिहायची, क्रमांक घालून. कॉलेजात असताना या बिनकामाच्या मोठ्या गाड्यांविरुद्ध ‘चार चाकांचा माज’ नावाचं चार पानी पत्रक मी स्वतः वाटलं होतं. पत्रकांवर पोट भरत नाही म्हणून शेवटी त्याच गाड्या विकणाऱ्याकडे नोकरी धरली. मनाची समजूत अशी घातली की निदान इथे तरी खरं लिहीन. गाडीचं वय, किती चाललीय, सर्व्हिस वेळेवर झाली का, सुटे भाग कुठे मिळतात, पुन्हा विकायला काढली तर कोण घेईल, चढावर जोर देणारा फोर-लो गिअर पडतो की नुसतं बटण आहे. प्रत्येक गाडीला गुण. एकूण गुण. खाली दोन ओळींत मत.

शेठ तक्ता वाचायचे, मान हलवायचे. “मॅडम, टेबल एकदम फर्स्टक्लास. पण अंकलने देखा क्या?”

गिऱ्हाईकही तसंच. तक्त्याची घडी घालून खिशात टाकायचं आणि विचारायचं, “ते ठीक आहे. ते काय म्हणाले?”

सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मीही. आखातात बावीस वर्षं ते वाळवंटात पिकअप चालवत होते, कुठल्याशा सर्व्हे कंपनीत. परत आल्यावर त्यांनी स्वतःची गाडी घेतली नाही. तारोडीहून बसनं भाईंदर पश्चिमेला यायचे, पूल चढून पूर्वेला, मग शेअर रिक्षा. एवढ्या गाड्या ओळखणाऱ्या माणसाकडे सायकलसुद्धा नव्हती. एकदा शेठनं विचारलं, “अंकल, तुम्ही का नाही घेत एक?”

“कुटं जायचंय?” ते म्हणाले. प्रश्न खराच होता. 

त्यांच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी असायची. तिच्यात जुनं रफू केलेलं निळं डांगरीचं कापड, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक, लाकडी मुठीची छोटी हातोडी, आणि गोड्या पाण्याची बाटली. पाणी पिण्यासाठी नव्हतं.

गाडी आली की ते आधी बॉनेट उघडायचे नाहीत. इतर मिस्त्री लगेच इंजिनात डोकं घालतात. हे बंद गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे आणि विकणाऱ्याला शेजारी बसवायचे. “बोल.” एवढंच. विकणारा बोलायला लागायचा. हे समोर काचेतून बघत राहायचे. विकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा पेंगतोय, आणि तो जास्त बोलायचा. मग हे उतरून पत्र्यावरून चुंबक फिरवायचे. जिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असेल तिथून चुंबक घसरून खाली पडायचं. मग तांदळाचं रिकामं पोतं अंथरून गाडीखाली.

खाली काय करतात ते पहिल्या आठवड्यात मी वाकून बघितलं. चासी म्हणजे गाडीचा कणा, दोन लांब पोकळ लोखंडी तुळया. त्यांना पाणी निथळायला भोकं असतात. त्यांनी त्या भोकात करंगळी घातली, आतून फिरवली, बाहेर काढली आणि जिभेला लावली. डोळे मिटले. मग कुशीवर वळून बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली.

“अंकल, काय करताय?”

“मीठ हाय का बगतो.”

आमच्या भागात गाड्या मारतं ते मीठ. समुद्रावर, खाडीत, मिठागरांत फिरलेली गाडी बाहेरून धुऊन चकाचक करता येते. त्या तुळयांच्या आत मात्र कुणी हात घालत नाही. मीठ तिथे बसून राहतं आणि लोखंड आतून खातं. वरून गाडी नवरीसारखी, आणि एके दिवशी भरल्या मालानिशी कणा मोडतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की मी तीन दिवस फोन करकरून, सर्व्हिसच्या पावत्या जुळवून जो तक्ता केला, तो एका करंगळीनं निकालात निघाला.

त्यात भर म्हणजे निकाल लिहायचं काम माझ्याकडे. गाळ्याची पद्धत होती, अंकल बोलले की गाडीच्या पुढच्या टायरवर खडूनं तो शब्द लिहायचा, म्हणजे येणाऱ्याला विचारावं लागू नये. खडू माझ्या टेबलावर असायचा. चार वर्षांतलं माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लेखन म्हणजे टायरवरचा तो एक शब्द. तोही माझा नव्हता.

एकदा जिमनं फुगलेला एक तरुण आला. त्याला आमच्याकडची सगळ्यात उंच पिकअप हवी होती. अंकलनी त्यालाच शेजारी बसवलं.

“रोज कुटं जाता?”

“रोज म्हणजे… घर, ऑफिस, जिम.”

“जिमला जाताना नदी लागते?”

“नाही.”

“डोंगर?”

“अंकल, वीकेंडला जातो ना आम्ही. लोणावळा साइडला.”

“थितं रस्ता हाय,” अंकल म्हणाले आणि उतरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “गाडी हाय. गिऱ्हाईक न्हाय.”

तो तरुण लालबुंद होऊन निघून गेला. शेठनी कपाळाला हात लावला. “अंकल, आप देवमाणूस हो, पण माझं दुकान हाय की न्हाय, ते तरी सांगा.” आठवड्यानं तोच तरुण आपल्या मामाला घेऊन आला. मामाची खडीची खाण होती. मामानं दोन गाड्या घेतल्या, कारण ज्या दुकानात गिऱ्हाईकाला नाही म्हणतात तिथे त्याला घ्यायचं होतं.

मी त्या दिवशी घरी जाऊन ‘चार चाकांचा माज’ पुन्हा वाचलं. चार पानं. अकरा मुद्दे. ते वाचून एकाही माणसानं एकही गाडी घ्यायचं थांबवलं नव्हतं. या माणसानं चार शब्दांत थांबवलं, आणि शेठचा धंदाही वाढवला. मला राग यायला हवा होता तो समाजाचा. आला त्यांचा.

मी त्यांची चूक पकडायची संधी शोधत होते, हे कबूल करते. मिळालीसुद्धा. एका गाडीला ते ‘हाय’ म्हणाले. मी सर्व्हिसचे कागद तारखेनुसार लावले, तर गाडी दोन वर्षांपूर्वी जेवढी चालली होती त्यापेक्षा आज कमी चालल्याचं मीटर दाखवत होतं. मीटर मागे फिरवलेलं. मी तो कागद शेठसमोर आणि दोन गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यापुढे ठेवला. मोठ्यानं वाचूनही दाखवला. अंकलनी चष्मा लावून शांतपणे पाहिला.

“माजी चूक. पोरीनं बरोबर पकडलं.” आणि स्वतः उठून, रुमालानं टायरवरचा शब्द पुसला.

दिवसभर गाळ्यात चर्चा त्यांच्या मोठेपणाची. “इतना बडा आदमी, पण चूक मान्य केली लगेच.” चूक कुणी पकडली हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात नव्हतं.

आणि बाबा. मी डबा विसरले म्हणून एकदा बाबा तो घेऊन आले. मी फोनवर होते. बाबा अंकलशेजारी एका जुन्या टायरवर बसले. तासभर बसले. मी दुरून बघत होते. माझी पत्रकं बाबा लाल पेन्सिल घेऊन वाचतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, एखादं विशेषण खोडतात आणि परत देतात. चांगलं झालंय, असं एकदाही म्हणालेले नाहीत. रात्री जेवताना मी विचारलं, “काय बोलत होतात एवढं अंकलशी?”

“काही नाही.”

“तासभर?”

“हो. बरं वाटलं.” मग भात कालवताना म्हणाले, “कमी बोलतो माणूस. शिकण्यासारखं आहे.”

मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

त्यांचं एकच लांब वाक्य मला आठवतं. शेठनं कौतुकानं विचारलं होतं, “वाळवंटात कधी अडकलात का, अंकल?” “अडकलो.” “मग?” “मग आलो.” शेठ हिरमुसले, तेव्हा त्यांची दया येऊन म्हणाले, “गाडी काय, नेतात सगळ्या. आनते कोन, ते बगायचं.” मी ते वहीत उतरवून घेतलं. विश्वासार्हतेवर मी दीड पान लिहिलं होतं. ते फाडलं नाही, पण पुन्हा कुणाला दाखवलंही नाही.

आता ती गोष्ट, जी मी कधी लिहिली नसती.

उत्तनच्या मासळी विकणाऱ्या बायकांसाठी मी पूर्वी एक पत्रक लिहिलं होतं. त्यांच्या किनाऱ्यापर्यंत टेम्पोवाले उतरत नसत. चाकं वाळूत रुततात म्हणून वर डांबरी रस्त्यावर थांबायचे. बायका ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन वाळू तुडवत वर यायच्या. मग टेम्पोवाला येईल तेव्हा भाईंदरच्या बाजारात मासळी पोचायची, तोवर गिऱ्हाईक घरी गेलेलं असायचं. पत्रकात सहा मागण्या होत्या. एकही पुरी झाली नाही. पण त्या बायकांच्या पुढारी मावशी मला विसरल्या नाहीत. पाचवारी खोचून, कानात जाड सोनं घालून एक दिवस गाळ्यात आल्या.

“बाय, आमी आमचीच गाडी घेतो. वाळूत उतरनारी. आमच्या सगळ्या जनींनी ठरवलंय. तू बोलशील ती.”

तू बोलशील ती. हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं.

मी जीव ओतून तक्ता केला. एक पांढरी, एका केबिनची पिकअप नाशिककडून आली होती. द्राक्षबागेत वापरलेली, एक मालक, सगळ्या पावत्या, फोर-लो व्यवस्थित. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेलं, त्याचेही मी वेगळे गुण दिले. चार वर्षांतले सगळ्यात जास्त गुण त्या गाडीला पडले. अंकलच्या पुतण्याचं लग्न होतं, ते चार दिवस सुट्टीवर निघाले होते. निघता निघता गाडीखाली गेले. शेठ बँकेत होते. गाळ्यात आम्ही दोघंच.

बाहेर येऊन त्यांनी चूळ भरली. मग दुसऱ्यांदा भरली.

“न्हाय.”

“अंकल, नाशिकची गाडी आहे. द्राक्षांच्या बागेतली.”

“द्राक्षं खारट कवापासून झाली?”

“कागद आहेत माझ्याकडे. आणि खालून नवीन कोटिंग मारलंय.”

“म्हनून तर,” ते म्हणाले, पिशवी खांद्याला लावली आणि पुतण्याच्या लग्नाला गेले.

मी टायरवर काही लिहिलं नाही. परवा लिहू म्हटलं. तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी तक्ता समोर ठेवला, एकेक रकाना समजावून सांगितला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मध्ये मध्ये “हां” म्हटलं. मग तक्ता दुमडून कमरेला खोचला आणि विचारलं, “ह्ये बरोबर हाय गो. पन तारोडीचा म्हातारा काय बोलला?”

तू बोलशील ती, असं म्हणाल्या होत्या.

मी टेबलावरचा खडू उचलला, पुढच्या टायरपाशी बसले आणि लिहिलं: हाय.

मावशींनी ते वाचलं, आणि विषय संपला. पुढे एक प्रश्न नाही. टायरला हात लावून तो कपाळाला लावला. मी जन्मभर शब्दांनी जे घडवायला बघत होते ते माझ्या डोळ्यांसमोर एका शब्दानं घडत होतं, आणि खडू माझ्या हातात होता. मला अपराधी वाटलं का? नंतर. त्या मिनिटाला छान वाटलं. म्हणून तर हे लिहितेय.

सोमवारी सह्या होऊन चावी द्यायची होती. मावशी आणखी दोघींना घेऊन आल्या, नारळ, हार, कुंकू सगळं आणलं. मला वाटलं होतं अंकल मंगळवारी येतील. ते सोमवारीच आले. लग्नातली मेंदी करंगळीला लागलेली होती, कुण्या नातीनं लावली असावी. दारातून त्यांना आधी टायर दिसला.

“काय रे,” मावशी हसत म्हणाल्या, “लग्नाचं जेवान पचलं का? तुज्या शब्दावर गाडी घेतोय आमी. वाळूत बुडली तर तुज्या दारी येऊन बसू.”

शेठ हसले. बायका हसल्या. अंकलनी टायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते कुणाकडे फारसे बघत नसत, त्यामुळे ती नजर किती वेळ होती मला सांगता येणार नाही. त्यांनी तोंड उघडून ‘न्हाय’ म्हटलं असतं तर तेवढ्यावर गाडी परत गेली असती, माझी नोकरी गेली असती आणि उत्तनच्या किनाऱ्यावर पुन्हा पाय ठेवायची माझी लायकी राहिली नसती. सगळं न्यायाला धरूनच झालं असतं. मी मनात मागण्या मांडतात तसं ते क्रमांकानं मांडून तयार होते.

“हाय,” अंकल म्हणाले.

आणि शेठकडे वळले. “स्प्रिंगचे पाटे जिथं बसवलेत ते कोपरे कापून नवे टाका. दुकानाच्या खर्चानं. मंगच चावी द्या.” शेठनी का म्हणून विचारलं नाही. अंकलना कुणी कारण विचारत नसे.

सगळे गेल्यावर मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं. “रविवारी ये. चर्चात मिस्सा झाल्यावर. जुने कपडे घालून ये.”

त्या रविवारी, आणि त्यानंतरच्या पाच रविवारी, मी उत्तनला त्या पांढऱ्या गाडीखाली होते. मावशींना त्यांनी सांगितलं होतं, नवी गाडी दर्यावर यायची तर तिची थोडी तयारी करावी लागते. मी तारेच्या ब्रशनं ते काळं कोटिंग खरवडलं. त्याखाली गंज खवल्यांसारखा सुटत होता. चासीच्या भोकांतून गोड्या पाण्याची नळी सोडली, तर दुसऱ्या टोकानं चहासारखं पाणी आलं. दर वेळी शेवटी ते करंगळी घालायचे, जिभेला लावायचे, “न्हाय” म्हणायचे आणि पुढच्या रविवारची वेळ सांगायचे. तिसऱ्या रविवारी वेल्डर आणून दोन ठिकाणी आतून पट्ट्या मारल्या. माझ्या केसांत गंज, नखांत गंज. एका शब्दानंही त्यांनी मला सुनावलं नाही. ओरडले असते तर मी भांडले तरी असते.

चौथ्या रविवारी मला राहवलं नाही. दोघंही पाठीवर पडलो होतो, डोक्यावर गिअरबॉक्स. “अंकल, तुम्ही खोटं का बोललात?”

“खोटं?” त्यांना नवल वाटलं. “गाडी मेलेली न्हवती. आजारी व्हती.”

“मग त्या दिवशी न्हाय का म्हणालात?”

“लोकांना न्हाय बोलतो, कारन लोकांच्या घरी मी रविवारी जात न्हाय.”

सहाव्या रविवारी त्यांनी करंगळी काढली, चाखली आणि चूळ एकदाच भरली. “आता हाय.” म्हणजे टायरवर मी लिहिलेला शब्द दीड महिन्यानं खरा झाला. त्यांनी केला. मी खोटं लिहिलं होतं ते माझ्या हातानं त्यांनी खरं करून घेतलं, आणि मला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी पहिला विचार आला तो असा, की हेसुद्धा याच माणसाला सुचावं.

मी त्यांना चाखायला शिकवा म्हटलं होतं. त्यांनी शिकवलं. करंगळी कुठे फिरवायची, जिभेच्या कुठल्या भागाला लावायची. मला ऑइल लागायचं, माती लागायची, मीठ कधी लागलं नाही. “तुज्या जिबेवर शब्द लई हायत,” ते म्हणाले. टोमणा होता की निदान, ते मी अजून ठरवलेलं नाही.

ते गेले ते मागच्या वर्षी, झोपेत. मी तोपर्यंत गाळा सोडला होता. तारोडीला गेले तर चर्चपासून वळणापर्यंत पिकअप उभ्या. खाणीच्या, बागांच्या, चिखलानं माखलेल्या, एक तर पार वाडा तालुक्यातून आलेली. त्यांनी ‘हाय’ म्हटलेल्या सगळ्या गाड्या आपापल्या माणसांना घेऊन आल्या होत्या. मी त्या रांगेकडे बघत उभी राहिले, आणि सांगायला लाज वाटते, पण शवपेटी समोर असताना मला हेवा वाटला. माझ्या मागे माझी पत्रकं अशी रांग लावून येणार नाहीत.

परतताना मावशींनी मला आपल्या गाडीत घेतलं. तीच पांढरी. मावशी आता स्वतः चालवतात, साडीचा काष्टा घालून, चप्पल काढून. पहाटेच्या पाण्याला वाळूत उतरतात आणि बाजारात पहिल्या पोचतात. तारोडी मागे पडली तेव्हा मी बोलले.

“मावशी, त्या दिवशी अंकल आधी ‘न्हाय’ म्हणाले होते. टायरवर मी खोटं लिहिलं.”

“म्हाईत हाय.”

“कुणी सांगितलं? त्यांनी?”

“तो कशाला सांगतोय. आमी डोळे मिटून उभ्या व्हतो का? गाडीला हाय बोलतो तवा तो गाडीकडं बगतो. त्या दिवशी गाडीकडं बगितलाच न्हाय. तुज्याकडं बगून बोलला.” त्यांनी गिअर बदलला. “त्यानं गाडीला हाय न्हवता बोलला गो. तुला बोलला.”

 मिठागरं लागली, ती संपली.

“आणि तरी गाडी घेतलीत?”

“त्यानं तुला हाय बोलला ना. म्हंजे गाडीचं काय आसल ते तू निस्तरशील, एवढं कळलं आमाला. आन् रविवारी तू आलीस.”

भाईंदर पश्चिमेला बाजारापाशी मावशींनी गाडी लावली आणि मागच्या रिकाम्या टोपल्या उतरवायला गेल्या. मीही उतरले. काय वाटलं कोण जाणे, अंत्यविधीला घातलेल्या पांढऱ्या कपड्यांनिशी रस्त्यावर गुडघे टेकले, वाकून चासीच्या भोकात करंगळी घातली, आत फिरवली आणि जिभेला लावली. ऑइल लागलं. थोडी माती. बांगड्याचा वास. त्याच्या पलीकडे काही असेल तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

वरून मावशींचा आवाज आला. “काय गो? हाय का न्हाय?”

एरवी माझ्याकडे याचं चार पानी उत्तर असतं.

“कळत नाही, मावशी.”

“मंग रविवारी ये,” मावशी म्हणाल्या आणि टोपली डोक्यावर घेतली.